लायकमिंगशी पहिली ओळख: फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

बारामती असो, धुळे असो की नागपूर, फ्लाइंग स्कूलमध्ये नवीन आलेल्या मुलामुलींचं लक्ष पहिल्या दिवशी कॉकपिटवर असतं. साहजिक आहे. पण तिथे सेसना १५२ किंवा १७२ उभं असेल, तर त्याच्या नाकात बहुधा लायकमिंग या अमेरिकन कंपनीचं इंजिन आहे, आणि पुढचे शे-दोनशे तास तुमचा जीव त्याच्या भरवशावर असणार आहे. म्हणून माझी विनंती अशी: सीटवर बसण्याआधी कावलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडलेलं एखादं विमान शोधा आणि अर्धा तास त्याच्याजवळ थांबा. वैमानिक व्हायचं असेल तरी, आणि मेंटेनन्सचं लायसन्स काढायचं असेल तर नक्कीच. ए.एम.ई. म्हणजे विमानाच्या मेंटेनन्सचा इंजिनिअर; त्या लायसन्सच्या बी१.२ या श्रेणीत पिस्टन इंजिनाची विमानं येतात आणि त्या अभ्यासात हे इंजिन पावलोपावली भेटतं.

मी मेंटेनन्सचा माणूस. खाली जे लिहिलंय ते हँगरमध्ये नव्या मुलांना ज्या क्रमाने दाखवतो त्याच क्रमाने लिहिलंय. आकडे समजण्यासाठी दिले आहेत. काम करताना तुमच्या विमानाचं मॅन्युअल उघडं ठेवायचं आणि त्यात असेल तोच आकडा धरायचा.

१. आधी पाटी वाचा

इंजिनाच्या अंगावर धातूची छोटी पाटी असते. तिच्यावर ‘ओ-३२०-डी२जे’ असं काहीतरी कोरलेलं असतं. सेसना १७२पी या मॉडेलवर नेमकं हेच इंजिन येतं. ‘ओ’ म्हणजे ऑपोज्ड: सिलिंडर आडवे, निम्मे उजवीकडे, निम्मे डावीकडे, एकमेकांकडे पाठ करून. ३२० हा आकडा घन इंचांचा, म्हणजे सगळ्या सिलिंडरांची मिळून जागा सुमारे ५.२ लिटर. पुढे ‘आय’ लागला की फ्यूएल इंजेक्शन, ‘टी’ लागला की टर्बोचार्जर, ‘एच’ म्हणजे हेलिकॉप्टरसाठी, ‘एई’ म्हणजे कसरतीच्या उड्डाणांसाठी. भारतीय हवाई दलाची कित्येक मुलं ज्या एचपीटी-३२ ‘दीपक’वर उडायला शिकली, त्यात एईआयओ-५४० होतं. आता ते नाव तुम्हाला फोडता येईल: कसरतीचं, इंजेक्शनवालं, ऑपोज्ड, ५४० घन इंच.

शेवटची अक्षरं आणि आकडे सोडून देऊ नका. मॅग्नेटो (ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र) कुठला, प्रोपेलर कसा बसतो, मागच्या बाजूला काय काय जोडलंय, हे सगळं त्यांत दडलेलं असतं. पार्ट मागवताना नुसतं ‘ओ-३२०’ लिहिलं की चुकीचा पार्ट येतो आणि विमान आठवडाभर जमिनीवर बसतं.

या घराण्यातली चार भावंडं ओळखून ठेवा. सेसना १५२ मधलं ओ-२३५ सगळ्यांत धाकटं. मग १५०-१६० अश्वशक्तीचं ओ-३२०. त्यानंतर १८० अश्वशक्तीचं ओ-३६०. त्याचंच इंजेक्शनवालं रूप, आयओ-३६०-एल२ए, सेसना १७२एस मध्ये असतं. आणि सहा सिलिंडरांचं ओ-५४०. एक गणित करून बघा: ३६० भागिले ४ म्हणजे ९०, आणि ५४० भागिले ६ म्हणजेही ९०. दोघांच्या सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल एकच आहे, तीच मापं दोन सिलिंडर वाढवून पुढे नेली. म्हणूनच एका इंजिनावर हात बसला की पुढचं परकं वाटत नाही.

ही इंजिनं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, विल्यम्सपोर्ट गावी बनतात. तो लायकमिंग परगणा, कंपनीचं नाव त्यावरूनच. ओ-३२० आणि ओ-३६० दोन्ही १९५० च्या दशकातली. सेसना १७२ ला सुरुवातीला काँटिनेंटल या दुसऱ्या कंपनीचं सहा सिलिंडरांचं इंजिन होतं, १९६८ च्या मॉडेलपासून लायकमिंग आलं.

मुलं हमखास विचारतात, “सर, जवळजवळ सहा लिटरचं इंजिन आणि शक्ती फक्त १८०? आजकाल गाडीचं दोन लिटरचं इंजिनही एवढी देतं.” प्रश्न चांगला आहे. इथे प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावर) बसतो, मध्ये गिअर नाही. १७२एस चा प्रोपेलर ७६ इंचांचा. तो मिनिटाला २७०० वेळा फिरला की त्याचं टोक सेकंदाला सुमारे २७३ मीटर वेगाने जातं. आणखी जोरात फिरवलं तर टोक आवाजाच्या वेगाजवळ जाईल, गोंगाट वाढेल आणि ओढ कमी होईल. म्हणून फेरे कमी ठेवायचे आणि शक्ती मोठ्या सिलिंडरांतून काढायची. अशा संथ चालीमुळे इंजिन तासन् तास ७५ टक्के शक्तीवर चालूनही टिकतं. यातल्या बऱ्याच इंजिनांना ओव्हरहॉलसाठी, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करण्यासाठी, कंपनीने २००० तास किंवा १२ वर्षं अशी मुदत सुचवली आहे.

२. कावलिंग काढून एक प्रदक्षिणा

समोर, प्रोपेलरकडे उभे राहू नका. बाजूने सुरुवात करा. सिलिंडरचे आकडे पाठ करा: वैमानिकाच्या सीटवरून बघितलं तर पुढचा उजवा पहिला, पुढचा डावा दुसरा, मागचा उजवा तिसरा, मागचा डावा चौथा. ठिणगी पडण्याचा क्रम १-३-२-४. काँटिनेंटलमध्ये मोजणी मागून सुरू होते. दोन्ही इंजिनांवर काम करणाऱ्यांची इथे गल्लत होते.

प्रत्येक सिलिंडरला वर एक आणि खाली एक असे दोन स्पार्क प्लग. मागे दोन मॅग्नेटो. खाली सम्प, म्हणजे तेलाची टाकी, आणि त्याच्या बुडाला लटकलेला कार्बोरेटर, जो हवा आणि पेट्रोल मिसळतो. त्यातून निघालेलं मिश्रण सम्पमधूनच वर जातं, त्यामुळे वाटेत थोडं गरम होतं.

आता बॅफल बघा, म्हणजे सिलिंडरांभोवतीचे पत्रे आणि त्यांच्या कडेच्या रबरी पट्ट्या. हे इंजिन हवेवर थंड होतं. पुढून आलेली हवा वर अडते आणि सिलिंडरांच्या पाकळ्यांमधून खाली ढकलली जाते. रबरी पट्टी उलटी दुमडली तर हवा तिथून पळते आणि मागचा सिलिंडर तापतो. साळुंकीला ही जागा फार आवडते. संध्याकाळी विमान लावलं आणि सकाळी मागच्या सिलिंडरवर ओंजळभर वाळकं गवत, हे मी कितीदा काढलंय. रात्री हवेच्या तोंडावर झाकणं लावा, आणि सकाळी झाकणं असली तरी बॅटरी घेऊन आत बघाच.

३. प्रोपेलरला कायम जिवंत समजा

ही पायरी घाईत वाचू नका.

गाडीची चावी बंद केली की वीज तुटते. मॅग्नेटोचं उलटं आहे. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. कॉकपिटमधला स्विच ‘बंद’ केला की एका तारेने मॅग्नेटोची वीज जमिनीला, म्हणजे इंजिनाच्या धातूला, जोडली जाते आणि ठिणगी पडत नाही. आता ती तार तुटली तर? स्विच बंद दिसतो, चावी तुमच्या खिशात असते, आणि मॅग्नेटो मात्र चालू असतो. सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल राहिलं असेल तर हाताने प्रोपेलर जरासा फिरवला तरी इंजिन एक झटका घेऊ शकतं.

‘हाताने एवढं हळू फिरवल्यावर कुठली ठिणगी’, असं वाटेल. मॅग्नेटोवर इम्पल्स कपलिंग नावाची स्प्रिंग असते. स्टार्टरवर इंजिन हळू फिरत असताना ती मॅग्नेटोला अडवून धरते आणि एकदम सोडते, म्हणजे ठिणगी दणदणीत पडते. प्रोपेलर हाताने फिरवताना ‘टक्क’ असा आवाज येतो तो हाच. तो ऐकू आला की समजा, तार तुटलेली असती तर ठिणगी इथेच पडली असती.

म्हणून नियम असे. कारणाशिवाय प्रोपेलरला हात लावायचा नाही. त्याला टेकून फोटो काढायचा नाही. तो फिरतो त्या चक्राच्या वाटेत उभं राहायचं नाही. हलवावाच लागला तर मिश्रण (पेट्रोल) बंद, मॅग्नेटो बंद, चाकांना चोक म्हणजे अडकण, आणि हात-पाय अशा ठेवणीत की प्रोपेलर फिरलाच तर तुम्ही मागे जाल, आत ओढले जाणार नाही.

४. तेल

ओ-३२० आणि ओ-३६० च्या सम्पमध्ये साधारण आठ क्वार्ट तेल मावतं. क्वार्ट म्हणजे लिटरला थोडं कमी. पूर्ण आठ भरलं तर पुष्कळ इंजिनं वरचा क्वार्ट ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर फेकतात आणि विमानाचं पोट तेलकट करतात, म्हणून सहा-सातवर ठेवायची पद्धत आहे. १७२एस मध्ये पाचच्या खाली उडायचं नाही. तुमच्या विमानाचा आकडा मॅन्युअलमधून घ्या.

उड्डाणानंतर लगेच मोजाल तर तेल कमी दिसेल, कारण बरंचसं अजून वरच असतं. थोडं थांबा. गरम इंजिनावर डिपस्टिक करकचून आवळू नका. थंड झालं की ती अशी घट्ट बसते की सकाळी कोणाला तरी पाना शोधावा लागतो. बोटांनी बसेल तेवढीच.

नवं किंवा नुकतंच ओव्हरहॉल केलेलं इंजिन असेल तर सुरुवातीला साधं मिनरल ऑइल. पिस्टनच्या रिंगा बसेपर्यंत, म्हणजे तेलाची खपत स्थिर होईपर्यंत किंवा ५० तास. एरवी फिल्टरवालं इंजिन असेल तर दर ५० तासांनी तेल आणि फिल्टर बदलायचा, नुसती जाळी असेल तर दर २५ तासांनी. आणि तास झाले नसले तरी चार महिन्यांनी.

५. पेट्रोल

या इंजिनांचं पेट्रोल, अव्हगॅस १०० एलएल, निळं असतं. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्यात बनवलेलं अव्हगॅस आणलं, त्याआधी आपण ते आयात करायचो. प्रत्येक ड्रेनमधून (तळाच्या निचऱ्याच्या तोटीतून) नमुना काढा. नव्या १७२ ला असे तेरा ड्रेन आहेत आणि तेराही तपासायचे. तळाशी पाण्याचा थेंब वेगळा बसलेला दिसतो. नमुना उजेडाकडे धरून निळा रंग बघा. नमुना पूर्णच पाण्याचा असेल तर त्यात थर दिसणार नाही, पण रंगही नसेल.

दुसरा धोका चुकून भरलेल्या जेट ए-१ चा, म्हणजे जेट विमानांच्या रॉकेलसारख्या इंधनाचा. त्यावर चालणारी डिझेल इंजिनाची शिकाऊ विमानंही आता एकाच एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) उभी असतात. शंका आली तर पांढऱ्या कागदावर थेंब टाका. अव्हगॅस उडून जातं, जेट ए-१ तेलकट डाग सोडतं.

६. स्टार्ट

चेकलिस्ट तुमच्या हातात आहेच, मी फक्त दोन गोष्टी सांगतो. इंजिन लागल्याबरोबर नजर ऑइल प्रेशरवर. तीस सेकंदांत काटा हलला नाही तर बंद करा, वाट बघू नका. आणि स्टार्टर एका दमात दहा सेकंदांहून जास्त दाबून धरू नका, मध्ये त्याला थंड होऊ द्या.

विदर्भाच्या उन्हाळ्यात आयओ-३६० दुपारी लगेच लागत नाही. त्याच्या इंजेक्शनच्या बारीक नळ्या इंजिनाच्या वरून जातात. बंद केल्यावर खालची ऊब वर चढते आणि नळ्यांतल्या पेट्रोलची वाफ होते. मग मुलं घाबरून पंप दाबत राहतात आणि सिलिंडर पेट्रोलने भरून टाकतात. मॅन्युअलमध्ये गरम इंजिनाची आणि पेट्रोल जास्त झालेल्या इंजिनाची अशा वेगवेगळ्या पद्धती दिल्या आहेत. दोन्ही सकाळच्या थंडपणात पाठ करा, दुपारी दोनला आठवत नाहीत. आणि शक्य असेल तर विमान वाऱ्याकडे तोंड करून लावा.

७. रन-अप

रन-अप म्हणजे टेक-ऑफआधी केलेली इंजिनाची तपासणी. १७२एस मध्ये १८०० आरपीएमवर (मिनिटाला १८०० फेऱ्यांवर) एकेक मॅग्नेटो बंद करून बघायचा. फेरे १५० पेक्षा जास्त पडू नयेत आणि दोन्ही बाजूंच्या पडण्यात ५० पेक्षा जास्त फरक नसावा. जुन्या १७२एन मध्ये १७०० वर १२५ आणि ५०.

हे आकडे सगळे पाठ करतात, अर्थ थोडेच विचारतात. दोन्ही प्लग एकदम पेटले की आग दोन्ही टोकांकडून पसरते. एकच पेटला की तिला पूर्ण सिलिंडर ओलांडावा लागतो, वेळ लागतो, शक्ती कमी होते, फेरे पडतात. म्हणजे थोडं पडणं हे तब्येत ठीक असल्याचं लक्षण. फेरे अजिबात पडले नाहीत तर आनंद मानू नका. ज्याला तुम्ही बंद केलं तो मॅग्नेटो बंद झालेलाच नाही, तिसऱ्या पायरीतली तुटलेली तार हीच असू शकते. विमान हँगरकडे वळवा आणि आम्हाला सांगा.

फेरे जास्त पडले आणि इंजिन खडखडायला लागलं, तर बहुधा प्लगवर शिसं बसलंय. अव्हगॅसमध्ये शिसं असतं. जमिनीवर मंद चालीत, भरपूर पेट्रोलच्या मिश्रणावर, त्याचे बारीक गोळे खालच्या प्लगमध्ये साचतात. फेरे वाढवून, मिश्रण पातळ करून (पेट्रोल कमी करून) थोडा वेळ चालवलं की पुष्कळदा साफ होतं. नाही झालं तर उडायचं नाही. टॅक्सी करतानाच (विमान जमिनीवर चालवतानाच) मिश्रण पातळ ठेवायची सवय लावली तर ही वेळ क्वचित येते, आणि आमचे प्लग साफ करायचे हातही वाचतात. फेरे जास्त पडले पण चाल गुळगुळीत राहिली, तर संशय टायमिंगवर, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेवर.

८. कार्ब हीट आणि मिश्रण

पावसाळ्यात पुण्यावरून जाताना बाहेर वीस-बावीस अंश आणि हवेत ओल भरलेली. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना तापमान वीस-तीस अंशांनी सहज उतरतं आणि तिथे बर्फ धरतो. लायकमिंगचा कार्बोरेटर गरम सम्पला लागून असल्याने त्रास काहीसा कमी, पण होतो. लक्षण एवढंच: तुम्ही काही केलं नाही, तरी फेरे हळूहळू उतरताहेत. कार्ब हीट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये गरम हवा सोडणारी खुंटी, पूर्ण ओढा, अर्धवट नको. फेरे आणखी पडतील, इंजिन खोकेल, कारण वितळलेलं पाणी आत जातंय. नवीन मुलं इथेच घाबरून हीट परत आत ढकलतात. थांबा. पाणी निघून गेलं की फेरे वर येतात. जमिनीवर धुळीच्या एप्रनवर मात्र हीट जेमतेम तपासण्यापुरतीच, कारण ती हवा फिल्टरमधून येत नाही. आयओ मालिकेत कार्बोरेटरच नाही, म्हणून हा प्रश्नही नाही.

मिश्रणाबद्दल एकच उदाहरण देतो. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार फुटांवर. मे महिन्यात ४५ अंशांना तिथली हवा इतकी विरळ होते की इंजिनाला आपण जवळपास पाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. हवा कमी, पेट्रोल तेवढंच, मग शक्ती जाते. अशा दिवशी मिश्रण कसं ठेवायचं हे इन्स्ट्रक्टरला विचारून, मॅन्युअल बघून ठरवा, आणि टेक-ऑफचं अंतर कागदावर काढल्याशिवाय निघू नका.

बंद करताना मिश्रण मागे ओढलं की विझण्याआधी फेरे जरासे, दहा ते पन्नास, वर जातात. ते बघत चला. वर गेलेच नाहीत किंवा फार गेले तर मंद चालीचं मिश्रण बिघडलंय.

९. उभं राहिलेलं इंजिन आणि कापलेला फिल्टर

लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या वर असतो. विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल खाली गळतं आणि उघड्या पोलादाला दमट हवा लागते. एका ठिकाणी, नाव नको, अख्खा आषाढ-श्रावण एक विमान उभं होतं. अधूनमधून दहा मिनिटं इंजिन चालवून ‘काळजी’ घेतली जायची. त्यानेच घात केला. तेल नीट तापलंच नाही, जळताना तयार झालेलं पाणी आतच राहिलं. दिवाळीनंतर ते विमान माझ्याकडे फिल्टर बदलायला आलं.

फिल्टर कसा बघायचा तेही सांगतो. डबा कटरने गोल कापायचा, करवतीने नाही, नाहीतर करवतीचाच चुरा आत जातो. आतला घडीचा कागद सोडवायचा, निथळवायचा, पांढऱ्या फडक्यावर उन्हात उलगडायचा. काळे कण बोटात चिरडले गेले तर कार्बन. चकाकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवायचा. चिकटले तर लोखंड-पोलाद, न चिकटणारी रुपेरी कपची बहुधा अॅल्युमिनियमची. त्या दिवशी घडीघडीत चकचकीत सुया होत्या आणि चुंबकाला दाढीसारख्या लोंबत होत्या. सिलिंडर काढून बघितलं तर कॅमच्या टोकांना गंजाचे खड्डे आणि लिफ्टरचं (कॅम ज्याला ढकलतो त्या भागाचं) तोंड सोललेलं. इंजिन उतरवावं लागलं.

म्हणून पावसाळ्यात विमान उडवता येत असेल तर उडवा, तासभर तरी, तेल साधारण ७५-८० अंशांच्या वर जाईल असं. उडवता येणार नसेल तर नुसतं चालवू नका, प्रोपेलरही हाताने फिरवत बसू नका, त्याने उरलंसुरलं तेल पुसलं जातं. सरळ मॅन्युअलप्रमाणे प्रिझर्व्हेशन (गंजापासून संरक्षण) करून ठेवा.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती धरून ठेवतो ते, तपासताना मदतीला या, कारण ते दोघांचं काम आहे. सिलिंडरमध्ये ८० पीएसआय हवा सोडली की प्रोपेलर झपाट्याने फिरू शकतो, एकाने तो घट्ट धरायचाच. काटा ७२-७५ दाखवतो तेव्हा उरलेली हवा कुठून पळते ते कानाने शोधायचं: सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या तोंडातून आली तर रिंगा. ६० च्या खाली गेला आणि इंजिन थोडं चालवून पुन्हा बघितल्यावरही तसाच राहिला तर सिलिंडर उतरवायचा.

१०. वही

साधी शंभर पानी वही घ्या. प्रत्येक उड्डाणानंतर लिहा: तेल किती होतं, किती घातलं, क्रूझमध्ये ऑइल प्रेशर आणि तापमान किती, डाव्या-उजव्या मॅग्नेटोवर फेरे किती पडले, बाहेर किती अंश होते. एका ओळीचं काम आहे. पंचवीस उड्डाणं झाली की त्या विशिष्ट विमानाची नेहमीची चाल तुम्हाला दिसायला लागेल, आणि ज्या दिवशी डावा मॅग्नेटो ६० ऐवजी ११० पडेल त्या दिवशी, मर्यादेत असूनही, तुम्ही हँगरमध्ये येऊन विचाराल. जरूर या. पन्नास तासांचं चेक कधी आहे तेही विचारून ठेवा, फिल्टर कापताना फडकं धरायला माणूस लागतोच.